काकांच्या सव्वीस टेप : प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२४, शनिवार

कालपासून बर्फ थांबलेला नाही. दुपारी शेजारच्या काकांचा फोन आला, "गॅरेजमधलं खोकं घेऊन जा, मला आता उचलत नाही." बूट चढवून गेले. दुधाच्या क्रेटएवढं खोकं, वर जुना टॉवेल, आत एट-ट्रॅकच्या कार्ट्रिज, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाण्यांच्या टेपच्या डब्या. घरी आणून जेवणाच्या टेबलावर मांडून मोजल्या. सव्वीस.

काका म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्टमधले आमचे उजव्या हाताचे शेजारी, वय चौऱ्याऐंशी. १९६२ ते २००३, एक्केचाळीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. बहुतेक काळ रीफर, म्हणजे माल गार ठेवणारा ट्रेलर. आयोवातलं डुकराचं मांस पूर्वेकडच्या शहरांत पोचवायचं आणि मिळेल ते भाडं घेऊन परतायचं. इथं कोणी कोणाला काका म्हणत नाही, समोर मीही नावानेच बोलते. पण मनात आणि या वहीत ते काका आणि त्यांची बायको काकू. नजरेचा मधला भाग अंधुक झाल्यावर तीन वर्षांपूर्वी काकांनी स्वतःहून गाडीची किल्ली खुंटीला लावली. कान मात्र खणखणीत आहेत.

काम ठरलं ते असं. टेप दुरुस्त करायच्या, वाजवून संगणकात उतरवायच्या, आणि काकूंच्या गाडीत लागेल अशा यूएसबीवर भरून द्यायच्या. काका म्हणाले, ही सगळी गाणी इंटरनेटवर मिळतात हे नातवाने सांगितलंय, पण त्यांना हीच हवीत, याच क्रमाने. मी का, असं विचारलं नाही. १९९१ पासून अठरा वर्षं मी इंटरस्टेट ८० या महामार्गावरच्या एका ट्रक स्टॉपवर फ्युएल डेस्कला होते. डिझेलच्या पावत्या, अंघोळीच्या किल्ल्या, मालकाकडून आलेले पैशांचे कोड. तिथेच मी इंग्रजी बोलायला शिकले आणि तिथेच ही गाणी कानावर पडली.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. हाडं गोठवणारी थंडी. आज इथे कॉकस (पक्षाचा उमेदवार निवडायची सभा) आहे, इतक्या थंडीत लोक मत द्यायला बाहेर पडलेत. मी तिळगुळाचा डबा घेऊन काकांकडे. काकूंनी विचारलं, हा तपकिरी गोड पदार्थ कशाचा? म्हटलं, उसाच्या रसाचा, आणि माझे बाबा हाच माल ट्रकने न्यायचे. कोल्हापूरच्या शाहूपुरीतून गुळाचे रवे भरायचे, ताडपत्री आवळायची आणि रात्री उशिरा पुण्याच्या रस्त्याला लागायचं. मुंबईपर्यंत चारशे किलोमीटरला थोडे कमी.

काकांना हे माहीत आहे. बाबांना ते भेटलेत. पण गूळ त्यांनी आज पहिल्यांदाच खाल्ला.

२० जानेवारी, शनिवार

टेप वाजवायचा सेकंडहँड डेक टपालाने आला. "चालू स्थितीत" असं लिहिलं होतं, पण आतला रबरी पट्टा सैल पडून लांबलेला. लावल्या लावल्या गाणाऱ्याचा आवाज झोपेत बोलल्यासारखा यायला लागला. टेप सेकंदाला पावणेचार इंच या ठरल्या वेगाने जायला हवी, पट्टा घसरला की सूर ढासळतो. नवा पट्टा मागवलाय.

तोवर एक कार्ट्रिज उघडली. एट-ट्रॅकची रचना कॅसेटपेक्षा पार वेगळी आहे. पाव इंच रुंद टेप, आत एकच चक्री. टेप चक्रीच्या पोटातून बाहेर निघते, ती वाचणाऱ्या हेडसमोरून जाते आणि त्याच चक्रीच्या बाहेरच्या अंगाला गुंडाळली जाते. टोकं एकमेकांना जोडलेली, त्यामुळे ती कधी संपतच नाही. सतत स्वतःवर घसरायची म्हणून पाठीला ग्राफाइटचा लेप. तासाभरात माझी बोटं शिसपेन्सिल उगाळल्यासारखी काळी.

दोन गोष्टी हमखास खराब होतात. एक, टेप हेडवर दाबून धरणारा स्पंजचा तुकडा. या टेपमधला स्पंज बोट लावताच गुळाच्या काकवीसारखा चिकट होऊन ओघळला. दुसरी, सांध्यावरची फॉइलची चकचकीत पट्टी. ती सेन्सरला लागली की हेड खटकन सरकतो आणि पुढचा प्रोग्रॅम, म्हणजे टेपवरच्या गाण्यांच्या चार भागांतला पुढचा भाग, सुरू होतो. पन्नास वर्षांत तिचा गोंद वाळून जातो. म्हणून नियम: वाजवून बघायचा मोह कितीही झाला तरी आधी सांधा बदलायचा, मग वाजवायचं.

२१ जानेवारी, रविवार

कालचा नियम आज मीच मोडला. पट्टा बसवला, आवाज सुधारला, आणि उत्साहाच्या भरात चौथ्या नंबरची कार्ट्रिज तशीच घातली. दोन मिनिटं छान वाजली. मग सांधा सुटला आणि टेपचं शेपूट सर्रकन आत गेलं. कार्ट्रिज उघडून, चिमट्याने टोक शोधून, पीळ काढून पुन्हा जोडायला पावणेतीन तास लागले. जुनी लोकर उसवून परत गुंडाळायची सवय होती म्हणून निभावलं.

पण त्या दोन मिनिटांत जे वाजलं ते डेव्ह डडलीचं 'सिक्स डेज ऑन द रोड'. १९६३ चं गाणं, मिनियापोलिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री संगीताच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलेलं. लिहिणारे अर्ल ग्रीन आणि कार्ल माँटगोमेरी दोघंही ट्रक हाकलेले, आणि ते शब्दाशब्दात कळतं. वजनकाटा चुकवायचाय, लॉगबुक मागे पडलंय, जागं राहायला छोट्या पांढऱ्या गोळ्या घेतल्यात, आणि सहा दिवसांनी आज रात्री घर. डडली आधी बेसबॉल खेळायचा, हाताला दुखापत झाली म्हणून गाण्याकडे वळला. त्याचा आवाज छातीतून येतो आणि गिटारच्या खालच्या तारा इंजिनासारख्या घुमतात.

काकांनी तेव्हा नुकताच ट्रक हातात घेतला होता. त्यांना हे पहिल्यांदा ऐकलेली जागा आठवते: इंडियानातला एक ढाबा (मी ढाबाच म्हणते, दुसरा शब्द सुचत नाही), पाऊस, आणि ज्यूकबॉक्सजवळ (नाणं टाकलं की गाणं वाजवणारी पेटी) उभे चार ड्रायव्हर, चौघंही गप्प. "त्याआधी आमच्याबद्दल असं कोणी बोललंच नव्हतं," म्हणाले.

हे पूर्ण खरं नाही, कारण ट्रकवरची गाणी त्याच्याही आधीपासून आहेत. टेड डॅफनचं 'ट्रक ड्रायव्हर्स ब्लूज' १९३९ चं, क्लिफ ब्रूनरच्या वाद्यवृंदाने मून मलिकनच्या आवाजात मुद्रित केलेलं. डॅफनच्या लक्षात आलं होतं की ड्रायव्हर हॉटेलात शिरला की कॉफी मागवायच्या आधी ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकतो, तेव्हा या लोकांसाठीच गाणं करावं. अठरा वर्षं मी अगदी हेच पाहिलं. आधी नाणं, मग टोपी काढायची, मग बसायचं.

३ फेब्रुवारी, शनिवार

सात कार्ट्रिज पूर्ण. नवव्या नंबरमध्ये एका गाण्याच्या मागे दुसरं गाणं ऐकू येतंय. त्या पाव इंचात आठ समांतर पट्ट्या असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. हेड केसभर जरी वर-खाली झाला तरी शेजारच्या पट्टीवरचा माणूस भिंतीपलीकडून गायल्यासारखा येतो. बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडची उंची बदलत बसले. पाव फेरा, अर्धा फेरा, परत मागे. अकरा वाजता मागचा आवाज गेला आणि समोर स्वच्छ उभं राहिलं डिक कर्लेसचं 'अ टूम्बस्टोन एव्हरी माइल'.

हे गाणं माझं फार लाडकं आहे. १९६५ चं, डॅन फुलकर्सनने लिहिलेलं. मेन राज्याच्या उत्तरेला हेन्सव्हिलचं जंगल आहे, त्यातून जाणारा २-अ हा रस्ता. बटाटे भरून बॉस्टनकडे निघालेले ट्रक तिथल्या बर्फाळ वळणांवर घसरायचे. गाण्याचं म्हणणं एवढंच की तिथे गेलेल्या प्रत्येक ड्रायव्हरसाठी दगड उभा केला असता तर मैलामैलाला एक थडगं दिसलं असतं. कर्लेस त्याच मुलखातला, फोर्ट फेअरफील्डचा, एका डोळ्यावर पट्टी बांधणारा. आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल. त्याच्या गाण्यात भीती दाखवण्याचा आव नाही, जिथे जपून चालवायचं ती जागा सांगितली आहे, बस्स.

आमच्या घरी खंबाटकीचं असंच होतं. बाबा निघताना आई कधी "सांभाळून जा" म्हणायची नाही. "खंबाटकी उजाडल्यावर उतरा," एवढंच म्हणायची.

आणि मला १९९० च्या दशकातली ती जानेवारीची रात्र आठवली, तारीख आठवत नाही. हिमवादळात इंटरस्टेट बंद झाला. पार्किंगच्या लॉटमध्ये ट्रक इतके खेटून उभे की दरवाजे उघडेनात. हॉटेलातलं अंड्यांचं भांडं रात्री दोनला रिकामं झालं. फोनच्या रांगेत विशीतला एक पोरगा होता, पहिलीच मोठी खेप असावी. फोन ठेवल्यावर तो वळला तेव्हा चेहरा ओला. मागच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने त्याला एक शब्द विचारला नाही. खिशातलं नाणं त्याच्या हातात ठेवलं आणि मानेनेच ज्यूकबॉक्स दाखवला. पोराने कर्लेसचं हेच गाणं लावलं. इतक्या वादळात हे कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज वाटत नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

स्पंजऐवजी खिडकीच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी वापरतेय, वर गुळगुळीत टेप. छान चालतंय. दहा ते तेरा उतरवल्या.

१७ फेब्रुवारी, शनिवार

चौदावी. लेबल अर्धं फाटलेलं, पण मी ती ओळखली. रेड सोव्हाइन.

आधी गाण्याबद्दल. 'गिडअप गो', १९६५ मध्ये आलेलं आणि १९६६ च्या सुरुवातीला कंट्री यादीत पहिलं. टॉमी हिलबरोबर सोव्हाइननेच लिहिलेलं. गाणं म्हणायचं पण त्यात गाणं नाहीच, तो बोलतो, मागे संगीत हळू चालतं. एका ड्रायव्हरने नवा ट्रक घेतला, लहानगा मुलगा ट्रकला घोड्यासारखं "गिडअप गो" म्हणायचा, म्हणून बापाने त्या शब्दांची पाटी करून ट्रकला लावली. एकदा खेपेवरून परतला तर बायको-मुलगा घर सोडून गेलेले. वर्षं गेली. मग एक दिवस ६६ नंबरच्या रस्त्यावर एक ट्रक पुढे जातो आणि त्याच्या मागे तीच पाटी. पुढे थांब्यावर कॉफी घेताना तो तरुण ड्रायव्हर आपल्या बापाबद्दल सांगतो. इतकंच. पुढे मिनी पर्लने त्याला उत्तर देणारं एक गाणंही केलं, बायकोच्या बाजूने. ते करायलाच हवं होतं.

१९९८ च्या उन्हाळ्यात बाबा तीन महिने इथे आले होते. तोवर त्यांनी गाडी विकली होती. घरात बसून कंटाळायचे, म्हणून मी त्यांना कामावर घेऊन जायचे. ते लॉटमध्ये हात मागे बांधून फिरायचे, वाकून टायर बघायचे. एकदा काकांनी त्यांना आपल्या केनवर्थ ट्रकमध्ये बसवलं, मी मागे झोपायच्या फळीवर. ऐकून हसू येईल, पण काकांचे ट्रक किती बदलले तरी डॅशबोर्डखाली स्क्रूने बसवलेला एट-ट्रॅक प्लेअर ते काढून नव्या ट्रकमध्ये लावायचे.

ट्रक हलला. काका गिअर बदलताना क्लच दोनदा दाबत होते, मध्ये न्यूट्रल. बाबा एकदम सरसावून बसले. त्यांची टाटाची बारा-दहाही तशीच होती, डबल क्लच मारला नाही तर गिअर करकरायचा. त्यांनी डाव्या पायाने हवेतच दोन दाब दिले आणि काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. गिअरच्या दांड्यावरचा आपला हात उचलला आणि बाबांना तिथे हात ठेवायची खूण केली. पुढचे दोन गिअर असे पडले: पाय काकांचा, हात बाबांचा. मधल्या क्षणी दोघंही इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून. एकदाही करकर झाली नाही. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता.

मग सोव्हाइनचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "काय म्हणतोय गं त्यो? गातबी न्हाई, नुस्ता बोलतोय."

मी मागून पुढे वाकून एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. पोराच्या शब्दाची पाटी आली तिथे बाबांनी मान माझ्याकडे फिरवली. कारण आमच्या गाडीच्या कपाळावर निळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरात 'छकुली' असं होतं, आणि छकुली म्हणजे मी. पुढची गोष्ट मी सांगितली आणि ते पूर्ण गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुमी मोठी झाला तवा म्या रस्त्यावरच हुतो."

एवढंच. मी काही बोलले नाही, आणि आज वाटतं बोलायला हवं होतं. आमचं घर मोडलं नव्हतं, आई कुठे गेली नव्हती, पण सणाला दारात रांगोळी आणि बाबा नाहीत हे आमच्याकडे नेहमीचंच. लहानपणी मला वाटायचं की बाबांना रस्ता आमच्यापेक्षा आवडतो. माणूस घरासाठीच घराबाहेर असतो, हे मला आयोवातल्या एका लॉटमध्ये, परक्या भाषेतल्या ट्रकवाल्यांच्या गाण्यांनी समजावलं. बाबांच्या धंद्यावरचं मराठी गाणं मी ऐकलेलं नाही. त्यांच्या डॅशबोर्डवर दोरीने बांधलेला ट्रान्झिस्टर असायचा आणि त्यावर विविध भारती, पण त्यातला कोणीही गुळाची गाडी घाटात चढवत नव्हता.

चौदावी टेप नीट उतरली. सांधा बदलताना हात थरथरत होता म्हणून चहा घेऊन आले, मग बदलला.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज अडचणीचा प्रश्न. सोळावी, वेगवेगळ्या गायकांचं संकलन. एट-ट्रॅकमध्ये चारही प्रोग्रॅम सारख्या लांबीचे करावे लागतात, त्यामुळे कंपन्या गाण्यांचा क्रम बदलायच्या आणि तरी जमलं नाही तर गाणं मध्येच तोडायच्या. आवाज हळू होतो, शांतता, खट्, मग उरलेलं गाणं. या टेपमध्ये तुटलंय ते सोव्हाइनचं 'फँटम ३०९'.

टॉमी फेलने लिहिलेलं, १९६७ चं. पावसात भिजत उभ्या वाटसरूला बिग जो नावाचा ड्रायव्हर ट्रकमध्ये घेतो, थांब्यावर उतरवतो, कॉफीसाठी नाणं देतो. आत गेल्यावर कळतं की शाळेच्या बसमधली मुलं वाचवायला ट्रक वळवून बिग जो कधीच गेलेला आहे. आणि टेप तुटते कुठे, तर वाटसरू आत जाऊन बिग जोचं नाव सांगतो तिथे. खट्.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन तुकडे जोडणं दहा मिनिटांचं काम. मी जोडले. सांधा कळत नव्हता. अभिमानाने काकांना ऐकवायला नेलं. ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "मधलं कुठे गेलं?"

मला वाटलं शब्द गळले. तसं नव्हतं. त्या खट्-च्या आधीच्या शांततेत ते दर वेळी पुढचं स्वतः म्हणायचे, रिकाम्या केबिनमध्ये, मोठ्याने. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात मध्यरात्री. ती जागाच मी बुजवून टाकली होती.

निर्णय: जोडलेली फाइल पुसली. सगळ्या सव्वीस टेपचे तुकडे, शांतता आणि खटके जसेच्या तसे ठेवायचे. खरखर कमी करणारा फिल्टरही काढून टाकला, कारण तो शांततासुद्धा खातो. सोळा परत उतरवल्या. दिवस गेला, पण हेच बरोबर आहे.

९ मार्च, शनिवार

सतरा ते एकवीस. यातल्या दोन सीबी रेडिओच्या, म्हणजे ट्रकमधून आपसात बोलायच्या रेडिओच्या काळातल्या. १९७३ च्या ऑक्टोबरात तेलबंदी आली, १९७४ च्या जानेवारीत देशभर ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेचा कायदा झाला, डिझेल महाग आणि दुर्मीळ. ड्रायव्हर सीबीवर एकमेकांना कुठे तेल आहे, कुठे पोलीस आहेत ते सांगू लागले. त्यातून आलं 'कॉन्व्हॉय', १९७६ च्या जानेवारीत सगळ्या अमेरिकेत पहिलं. गाणारा सी. डब्ल्यू. मॅक्कॉल म्हणजे खरा ओमाहातला जाहिरातवाला बिल फ्राइज. पावाच्या जाहिरातीसाठी त्याने हे पात्र रचलं होतं. मला हे गाणं फारसं भिडत नाही. काकांनाही नाही, "ते ट्रक न चालवणाऱ्यांसाठी होतं," म्हणतात. त्याच वर्षीचं सोव्हाइनचं 'टेडी बेअर' मात्र मी अजून पूर्ण ऐकू शकत नाही. वडील ट्रकच्या अपघातात गेलेला, चालू न शकणारा मुलगा सीबीवर बोलतो. आज तपासण्यासाठी ऐकावंच लागलं.

के अ‍ॅडम्सचं 'लिट्ल पिंक मॅक' (१९६६) सापडलं याचा आनंद आहे. ट्रक चालवणारी बाई, गुलाबी ट्रक, आणि आवाजात जराही माफी नाही. फ्युएल डेस्कवर बाया ड्रायव्हर येत तेव्हा पुरुष बाजूला सरून वाट देत, ते आठवलं.

काकांनी आज रात्रीच्या रेडिओबद्दल सांगितलं. अंधार पडला की एएम लहरी आकाशातल्या थरावरून परतून दूरवर पोचतात. दिवसा शेजारच्या राज्यात न लागणारं स्टेशन रात्री हजार मैलांवर लागतं. न्यू ऑर्लिन्सच्या ८७० वर चार्ली डग्लस, फोर्ट वर्थच्या ८२० वर बिल मॅक, दोघंही रात्रभर ट्रकवाल्यांसाठी. हवामान, रस्ते, गाणी, घरून आलेले निरोप. काकूंनी एकदा असाच निरोप पाठवला होता: मुलीला ताप होता, उतरला. काकांनी तो ओहायोत ऐकला आणि गाडी कडेला घेतली.

६ एप्रिल, शनिवार

मर्ल हॅगर्डचा आज जन्मदिवस आणि स्मृतिदिनही. १९३७ मध्ये ऑइलडेलला जन्म, लहानपण रेल्वेच्या डब्याचं घर केलं होतं त्या घरी. २०१६ मध्ये एकोणऐंशीव्या वाढदिवशीच गेला. तेविसाव्या टेपवर त्याचं 'व्हाइट लाइन फीवर' (१९६९). रस्त्याची पांढरी रेघ अंगात भिनल्याचं गाणं. काका निवृत्त झाल्यावर सहा महिने पहाटे साडेतीनला उठून स्वयंपाकघरात बूट घालून बसायचे, असं काकूंनी आज सांगितलं. काका काही बोलले नाहीत.

'एटीन व्हील्स अँड अ डझन रोझेस' या संग्रहात नाही. ते १९८८ चं, तोवर एट-ट्रॅक दुकानातून गेलेल्या. पण आमच्या ज्यूकबॉक्सवर ते फार वाजायचं. कॅथी मॅटियाच्या गाण्यातला ड्रायव्हर शेवटची खेप संपवून बायकोबरोबर देश बघायला निघतो. काकूंना विचारलं, तुम्ही गेलात का कुठे? म्हणाल्या, "मी म्हटलं, तू देश पुष्कळ पाहिलास. आता हे घर बघ."

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. भावाशी बोलले. त्याला चौदाव्या टेपमधलं 'गिडअप गो' पाठवलं होतं, माझं भाषांतर सोबत. त्याने ऐकून फक्त एक फोटो पाठवला. माळ्यावरची निळी पाटी, रंगाचे पोपडे गेलेले, 'ली' जवळजवळ दिसत नाही. गाडी विकताना बाबांनी ती स्वतः स्क्रू काढून ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं.

१३ एप्रिल, शनिवार

यूएसबी तयार. काकांनी घरात ऐकायला नकार दिला. म्हणून काकूंच्या गाडीत, मी चालवायला, काका शेजारी, काकू मागे. वॉलकॉटपर्यंत, जेमतेम वीस मिनिटं, २८४ नंबरचा फाटा. तिथला ट्रक स्टॉप १९६४ पासून आहे आणि जगातला सगळ्यात मोठा म्हणून ओळखला जातो. इंटरस्टेटला लागल्यावर काकांना बाजूने जाणारा ट्रक दिसत नव्हता, पण आवाजावरून ते सांगत होते: हा भरलेला, हा रिकामा, याला गिअर नीट पडत नाहीत.

सोळावी टेप लावली होती. बिग जोने नाणं दिलं, वाटसरू आत गेला, आवाज हळू झाला. काकांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढची दोन वाक्यं म्हटली, बारीक आवाजात, सोव्हाइनच्या त्याच संथ चालीत. खट्. मग सोव्हाइन.

मागून काकू म्हणाल्या, "तू हे मोठ्याने म्हणतोस हे मला कधी सांगितलं नाहीस."

वॉलकॉटला कॉफी घेतली. काकांनी भावाने पाठवलेला फोटो मागितला, फोन डोळ्यांच्या कडेला धरून तिरपं पाहत राहिले, मग अक्षरं कुठली आहेत ते विचारलं. मी एकेक अक्षर बोटाने दाखवून वाचलं. त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं. "च" आणि "छ" मधला फरक त्यांना येत नाही, पण ओळखू येतं.

बाकी: बाविसाव्या टेपला दोन ठिकाणी घडी पडलीय, तिथे आवाज बुडतो. सव्विसावीचा आतला रबरी रोलर वितळलाय, त्याच मापाच्या रोलरसाठी एखादी मोडकी कार्ट्रिज शोधतेय.